पांढऱ्या पेशींच्या पकडीचा पत्ता

जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिच्यातून बाहेर पडून जंतूंना गाठतात. ही पकड इंटेग्रिन नावाच्या ग्राहींमुळे मिळते. प्रत्येक ग्राहीत अल्फा आणि बीटा अशा दोन प्रथिनसाखळ्या असतात.

त्यांची जनुके १९८०च्या दशकात माणूस आणि उंदीर यांच्या संकरित पेशींच्या मदतीने शोधली गेली. अशा पेशींत मोजकीच मानवी गुणसूत्रे उरतात. जनुक जिथे जिथे सापडते, तिथे कोणते गुणसूत्र हमखास असते, हे पाहायचे. एलएफए-१ आणि मॅक-१ या पांढऱ्या पेशींवरील दोन इंटेग्रिनांच्या अल्फा साखळ्यांची जनुके १६व्या गुणसूत्रावर निघाली, तर दोघांच्या सामाईक बीटा साखळीचे २१व्या गुणसूत्रावर.

या बीटा जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर बाळाला वारंवार गंभीर संसर्ग होतात, पण जखमेत पू धरत नाही.