एक्स ते वेलँड : पडद्यामागची अदलाबदल

कारंजा लाडच्या जैन भांडारांतील हस्तलिखिते अभ्यासकांना ठाऊक आहेत. तशाच जुन्या पोथ्यांच्या छायाप्रतींवरून मजकूर उतरवून घेण्याचे काम मी वाशीमला घरी बसून करतो. संगणक जुना, त्यावर लिनक्स. कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, पण दुहेरी दंड, अवग्रह अशी पोथीत सतत लागणारी चिन्हे 'एक्समॉडमॅप'ने सोयीच्या कळांवर आणली होती. गेल्या वर्षी प्रणालीची नवी आवृत्ती टाकली आणि माझ्या कळा काही प्रोग्रॅममध्ये चालेनात, काहींत मात्र चालत राहिल्या. हे अर्धवटपण मला छळत होते.

कारण सापडले ते खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत. एक्स ही जुनी व्यवस्था १९८४ साली एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, १९८७ची. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उमटावी, ही तेव्हाची गरज. मध्ये बसलेला एक्स सर्व्हर कळा, माउस आणि पडदा सांभाळतो. खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्रॅम वेगळा, पुढे त्यांची चित्रे एकत्र जुळवणारा कंपोझिटर आला तोही वेगळा. सगळा कारभार गावच्या चावडीसारखा उघड्यावर! तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करत असताना शेजारच्या खिडकीतला कुठलाही प्रोग्रॅम त्या कळा ऐकू शकतो, पडद्याचे चित्रही उचलू शकतो. एका विद्यापीठातल्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या यंत्रांवर हे चालून गेले.

वेलँडची सुरुवात क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८मध्ये केली. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचे. यात मधला सर्व्हर उरत नाही, कंपोझिटरच सर्व्हर. प्रत्येक प्रोग्रॅम आपले चित्र स्वतः रंगवतो आणि तयार पान त्याच्या हाती देतो. कळा फक्त समोरच्या खिडकीला मिळतात. फेडोरा २५ने २०१६मध्ये ही व्यवस्था मुळातच चालू ठेवून दिली. जुन्या प्रोग्रॅमसाठी आत 'एक्सवेलँड' नावाचा छोटा एक्स सर्व्हर चालतो.

माझे कोडे इथेच सुटले. एक्समॉडमॅपचे फेरफार त्या छोट्या सर्व्हरपुरतेच लागू होत होते. नवे प्रोग्रॅम त्याला विचारतच नव्हते. सुदैवाने कळांचा नकाशा लिहिण्याची एक्सकेबी पद्धत वेलँडनेही ठेवली आहे. माझी चिन्हे त्या नकाशाच्या फाइलीत लिहिली, आणि दंड-अवग्रह सगळीकडे परत आले.

दुसरी सोय मात्र गेली. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत येणारी ठरावीक वाक्ये एका कळीसरशी कुठल्याही खिडकीत उमटवणारी आज्ञावली मी लिहिली होती. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीत कळा दाबणे वेलँडला मंजूर नाही. चोराला अडवणारे दार मलाही अडवते, त्याबद्दल तक्रार कशी करू? पण तीन वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो.

एक्सवर परत जावे, असे अनेकदा वाटले. पण २०२५च्या ग्नोम ४९मध्ये एक्सचे सत्र मुळातच बंद ठेवलेले आहे, तेव्हा ती वाट फार दिवस पुरायची नाही. सध्या ती वाक्ये लिबरऑफिसच्या ऑटोटेक्स्टमध्ये भरतो आहे. आद्याक्षर लिहून एफ३ दाबावे लागते.