प्रिंटर सगळ्यांचा, कुलूप कोणासाठी?

एक प्रिंटर, दोन राउटर आणि पाच माणसं. घरचं नेटवर्क ‘जरा नीट लावू’ म्हणून रविवारी बसणार असाल, तर थांबा. आधी आमच्या घरी काय झालं ते वाचा.

आमच्या घरात आयटीवाला मी एकटाच. म्हणजे ऑफिसात मी टेस्टिंग करतो, पण घरच्यांच्या लेखी प्रिंटर, टीव्हीचा रिमोट आणि गीझर हे सगळं ‘आयटी’तच मोडतं. त्यामुळे रविवारी दुपारी जेवून जरा डोळा लागतोय तोच पुतण्याची हाक येते, ‘काका, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय!’ सोमवारी प्रोजेक्ट द्यायचं असतं. शाळेचं प्रोजेक्ट नेहमी सोमवारीच द्यायचं असतं.

फंडा तसा सिंपल आहे. वाय-फायवाला प्रिंटर घरच्या राउटरला जोडला, की घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून प्रिंट देता येते. आयफोनमध्ये एअरप्रिंट आहे, अँड्रॉइडमध्येही प्रिंटिंगची सोय असतेच. मग आमचा प्रिंटर दर आठवड्याला रुसायचा का?

तर आमच्याकडे राउटर दोन. एक ब्रॉडबँडवाल्याने हॉलमध्ये लावून दिलेला डबा. दुसरा दादाने आणलेला, कारण आतल्या खोलीत रेंज येत नव्हती. दोघांचा संसार वेगळा! एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, मध्ये भिंत. प्रिंटर आतल्या बिऱ्हाडात आणि पुतण्याचा लॅपटॉप हॉलमधल्या, मग दिसणार कसा? यावर दोन उपाय आहेत. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवणं बंद करतो. नाहीतर हॉलमधल्या डब्याचं वाय-फायच बंद करून सगळ्यांना आपल्या राउटरवर आणा. आम्ही दुसरा उपाय केला. दादाचा राउटर पॅसेजच्या मधोमध टांगला आणि सगळी वरात त्यावर आणली. पुढे साइट्स ब्लॉक करायच्या असतील तर हाच मार्ग बरा, कारण ब्रॉडबँडवाल्यांचे डबे बऱ्याचदा आपल्याला सेटिंग बदलू देत नाहीत.

आणखी एक गोम आहे. राउटर प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, पण तो कायमचा नसतो. लाइट गेली, राउटर परत सुरू झाला, की प्रिंटरला सातऐवजी बारा नंबर मिळतो आणि लॅपटॉप बिचारा सात नंबरचं दार वाजवत बसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाइप करून (नेमका पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) आत शिरा आणि ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा करून टाका. ही एक गोष्ट केल्यावर आमच्याकडचं ‘ऑफलाइन’ जवळपास संपलं. आत शिरलाच आहात तर पासवर्डही बदला. तो अजून ‘ॲडमिन’ असेल तर कमाल आहे तुमची!

बरेच घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेवढं जोडताना लक्षात ठेवा. जुना यूएसबी प्रिंटरही काही राउटरना मागून जोडता येतो, पण त्यात स्कॅनिंगची खात्री नाही.

ब्लॉक करण्याची हौस

इथपर्यंत मी हीरो होतो. मग दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने एका गेमचं नाव चुकीच्या स्पेलिंगने टाइप केलं आणि स्क्रीनवर भलतंच उघडलं. वय वर्षं अकरा. दादा तणतणत आला, ‘तू आयटीत आहेस ना? बंद कर हे सगळं!’

राउटरमध्ये ‘कीवर्ड ब्लॉकिंग’ सापडलं. हा शब्द टाक, तो शब्द टाक करत मी एका दमात वीसेक शब्द भरले. त्यात शरीराच्या अवयवांची इंग्रजी नावंही होती. तेव्हा सॉलिड वाटलं होतं.

खरं सांगायचं तर हे कीवर्ड प्रकरण आता निम्मं शोभेचं आहे. पूर्वी साध्या एचटीटीपीवर चालणारं पान राउटरला वाचता यायचं. आता जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे राउटरला फार तर साइटचं नाव कळतं, आतला मजकूर नाही. घाणेरड्या साइटच्या नावात तुमचा शब्द नसला की ती खुशाल उघडते. आणि चांगल्या साइटच्या नावात तो असला, की ती बंद!

जानेवारीत वहिनीच्या गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्ट चांगला नव्हता. घर एकदम गप्प झालं. तीनेक आठवड्यांनी नेट स्लो का चाललंय ते बघायला मी राउटरची नोंदवही उघडली, तर एकच साइट पुन्हा पुन्हा अडवलेली दिसली. ब्रेस्टकॅन्सर डॉट ऑर्ग. फोन वहिनीचा. वेळ रात्री एक, दीड, दोन.

कोणी काय बघतंय ते असं मला दिसावं हेही बरोबर नव्हतं, पण ते नंतर सुचलं. आधी ती यादी पुसली. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, ‘वहिनी, एक साइट माझ्यामुळे बंद होती. आता उघडेल.’

तिने कपबशी ओट्यावर ठेवली. ‘मला वाटलं भावजी, असलं काही घरात बघायचं नाही म्हणून बंद केलं असेल. विचारणार कसं?’

आता काय लावलंय

शब्दांची यादी गेली ती गेलीच. त्याजागी राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं. ही क्लाउडफ्लेअरची चकटफू सोय १ एप्रिल २०२० ला आली. ती शब्द न बघता अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट्सच्या याद्या बघते. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड त्याहून जुनी, तिचे आकडे २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. नेट आयपीव्ही६ वरूनही येत असेल तर तिथले आकडे वेगळे भरावे लागतात, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं. आणि चुका यांच्याही होतात. क्लाउडफ्लेअरने सुरुवातीलाच समलिंगी समाजाच्या कितीतरी साध्यासुध्या साइट्स अडवल्या होत्या. मग माफी मागून दुरुस्ती केली. म्हणून मी या वेळी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, काही उघडलं नाही तर मला फक्त साइटचं नाव सांगा, कारण मी विचारणार नाही. नोंदवहीही बंद करून टाकली.

पुतण्याच्या टॅबला रात्री दहानंतर नेट नको होतं. म्हणून टॅब गेस्ट नेटवर्कवर टाकला आणि त्याला वेळ लावली. पंधरा मिनिटांत हाक, ‘काका, प्रिंटर गायब!’ बरोबरच होतं. गेस्ट नेटवर्क घरच्या नेटवर्कपासून तोडलेलंच असतं, पाहुण्यांना प्रिंटर कशाला दिसायला हवा? शेवटी टॅब परत घरच्या नेटवर्कवर आणला आणि वेळेचं बंधन त्या एका यंत्रालाच घातलं. त्यातही एक मेख निघाली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही यंत्रं राउटरला आपला खरा मॅक ॲड्रेस न देता बनावट देतात. घरच्या वाय-फायपुरतं ते बंद केलं, तेव्हा कुठे नियम लागू झाला.

दादाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला की हे सगळं पाण्यात जातं, हे पोराला माहीत आहे. व्हीपीएन म्हणजे काय तेही वर्गातल्या कोणीतरी सांगितलंय. दादा एकदा त्याला घेऊन टेकडीवर गेला होता. काय बोलले ते मी विचारलं नाही.

परवा रात्री पॅसेजमधून जाताना प्रिंटर आपणहून सुरू झाला. दोन पानं आली, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची. वहिनीने स्वतःच्या फोनवरून पाठवली होती. आतून आवाज आला, ‘भावजी, काळी शाई संपत आलीय हो.’