एक कात्री, चार मुलं



आजचा विषय बालवाडीतला आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने पुठ्ठा आणि कात्रीवर का बोलावं, असं कुणाला वाटेल. पण 'मी'चा 'आपण' कसा होतो, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. चार-पाच वर्षांची मुलं त्याच्याशी रोज झटत असतात.

हल्ली बालवाड्यांतून 'मेकरस्पेस' हा शब्द ऐकू येतो. नावाला बिचकू नका. वर्गातला एक कोपरा. तिथे रिकामे खोके, दोरा, करवंट्या, शिंपल्या, माती, डिंक. मुलांनी हवं ते घडवायचं. दिवाळीत आपल्या आवारात मुलं किल्ला करतात, तेव्हा दुसरं काय चालतं? माती कुणी आणायची, बुरूज कुठे, महाराजांची मूर्ती कुणी ठेवायची, यावरून भांडणं होतात. आणि तरी किल्ला उभा राहतो. तो भांडणासकट उभा राहतो, हे लक्षात ठेवा.

वसईतल्या एका बालवाडीत आम्ही काही दिवस सकाळी नुसते बसून पाहत होतो. एकदा चार मुलांपुढे एक मोठा खोका होता आणि बोथट टोकाची कात्री एकच. एकीला घर करायचं होतं, एकाला लोकल. "कात्री माझी आहे!" "ताई, हा देत नाही!" ताई जागच्या उठल्या नाहीत. नजर मात्र तिकडेच होती. थोडी ओढाताण झाली. खोका सारखा घसरत होता, त्यामुळे कात्री मिळूनही कापता येईना. मग तिसऱ्याने खोका घट्ट धरला आणि म्हणाला, "मी धरतो, तू काप." तिथून बोलणंच बदललं. दार कापलं, खिडक्या झाल्या, आणि शेवटी घर गाडीतच थाटलं गेलं. 'माझं घर', 'माझी गाडी' मागे पडून 'आमची गाडी' आली.

आता चौथी मुलगी. तिच्या घरी हिंदी बोलतात, इथलं मराठी तिला अजून जमत नाही. ती शेजारी उभी होती. तिघं म्हणाली, "ही आमची गाडी आहे." पाहा, मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये तो असतो. मुलं 'मी'वरून 'आम्ही'वर आली होती. पण त्या 'आम्ही'ने एकीला बाहेर ठेवलं होतं. ताई तेव्हा उठल्या. "हिलाही घ्या" असा हुकूम त्यांनी सोडला नाही. "हिला काय काम देता?" एवढंच विचारलं. मुलांनी तिच्या हातात दोरा दिला. तिने डबे एकमेकांना बांधले. त्यासाठी मराठी यावं लागत नाही.

अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. मूल एकटं खेळतं. मग दुसऱ्याच्या शेजारी, पण आपलंच खेळतं. मग देवाणघेवाण करतं. आणि शेवटी एका उद्देशाने मिळून खेळतं. याला जिना समजू नये. एकच मूल एका सकाळी चारही ठिकाणी फिरून येतं. घडवण्याच्या कोपऱ्याचं वैशिष्ट्य असं, की तिथे वस्तूच मुलांना एकत्र आणते. घसरणारा खोका एकट्याला धरून कापता येत नाही.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. विदेशी धर्तीची मॉन्टेसरी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरातल्या वस्तूंपासून साधनं तयार केली. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दामागे ते काम आहे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे इतर मुलांबरोबर असतं, तिथेच शिक्षण न्यायचं, हा त्यातला विचार.

आता धोका सांगतो. आपल्याकडे प्रदर्शन असलं, की तीस मुलांची तीस सारखी फुलपाखरं भिंतीवर लागतात. प्रत्येकाला वेगळा संच, वेगळी कात्री. अर्ध्याहून अधिक चिकटवलेलं ताईंनी किंवा आईने. वस्तू सुबक, पण मागायचं कसं, थांबायचं कसं, नाही म्हटल्यावर काय करायचं, यातलं काहीच घडलेलं नसतं. याचा अर्थ साहित्याची टंचाई करा, असा नाही. वीस मुलांत एक कात्री ठेवली, तर नुसती रांग लागेल. चौघांत एक मात्र बोलायला लावते. मोठ्यांनी कधी उठायचं? कुणाला इजा होणार असेल तेव्हा लगेच, आणि कुणी सतत बाहेर राहत असेल तेव्हा. एरवी थोडं थांबावं.

पालकांना एकच विनंती. मूल घरी आलं, की आपण विचारतो, "आज काय केलंस?" उद्या विचारून पाहा, "कुणाबरोबर केलंस?" ती वाकडी गाडी चार दिवसांत रद्दीत जाईल. "मी धरतो, तू काप" हे वाक्य मात्र त्या मुलाला आयुष्यभर लागणार आहे.

आम्ही इथे थांबतो.