मार्सेलिसचा धक्का नेमका कुठला?

धायरी फाट्यावर एका प्रवासी कंपनीचं माहितीपत्रक परवा हातात आलं. भूमध्य समुद्रातली क्रूझ, त्यात मार्सेलिसच्या वाट्याला पाऊण तास आणि पुढे लिहिलेलं, ‘सावरकर पॉइंट, फोटो स्टॉप’. शेजारी फोटो होता तो जुन्या बंदराचा, शिडाच्या होड्या आणि मासळीबाजाराचा. कैदी म्हणून नेलं जात असताना सावरकरांनी बोटीवरून मारलेली उडी तिथली नव्हेच. त्या उडीचा दिवस, ८ जुलै, तोंडावर आलेला असताना हे बघून मनाला लागलं.

आगबोटींच्या जमान्यात मुंबईहून विलायतेला निघालेली बरीच मंडळी मार्सेलिसला उतरून रेल्वेनं पॅरिस गाठायची. जिब्राल्टरचा वळसा टळायचा, दिवसही वाचायचे. १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना गांधीजीही इथंच उतरले. पुढे विमानं आली आणि मार्सेलिस आपल्या वाटेबाहेर राहिलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते १९९६ ते २००५ बद्दल. त्या काळात मी मराठी गट घेऊन युरोपात जात होते. दर वर्षी मार्सेलिससाठी ऑफिसात भांडावं लागे. ‘तिथं काय बघायचं? घाणेरडं बंदर. त्यापेक्षा नीस आणि मोनॅको द्या,’ हे ठरलेलं उत्तर. आमच्या गटांत निवृत्त शिक्षक, बँकेतले, टपाल खात्यातले लोक असत. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून आयुष्यात एकदाच निघालेले. त्यांना मोनॅकोचा जुगारखाना दाखवून हे बंदर वगळणं मला आजही अपमानाचं वाटतं.

२००१ मध्ये वेगवान रेल्वे सुरू झाली आणि पॅरिसहून तीन तासांत पोचता येऊ लागलं. सेंट चार्ल्स स्टेशनच्या १०४ पायऱ्या गुडघे धरत उतरायच्या, टेकडीवरच्या नोत्र दामची सोनेरी मेरी लांबून बघायची आणि मग ला जोलिएतकडे चालायला लागायचं. १८४४ पासून बांधत नेलेलं हे नवं बंदर जुन्या बंदराच्या उत्तरेला आहे. मोठ्या आगबोटी इकडे लागत, सावरकरांना नेणारी ‘मोरिया’सुद्धा. आता तारेच्या कुंपणापलीकडे कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या फेरीबोटी उभ्या असतात. आम्ही गेलो तेव्हा पाटी नव्हती, खूण नव्हती. लोक कुंपणाला हात लावून पाण्याकडे बघत राहायचे.

एकदा आनंदनगरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका सोबत होत्या. अथांग समुद्र पोहून जाण्याची गोष्ट त्यांनी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेली. ‘अगं, बोट धक्क्यालाच होती? मग पोहले तरी किती?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, थोडंच. पोर्टहोलमधून खाली उडी, चार हात मारून धक्क्याची भिंत, वर चढून धूम पळणं, आणि काही मिनिटांतच फ्रेंच पोलिसानं पकडून पुन्हा बोटीवर नेणं. बाई जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘परका मुलूख, अंगावर धड कपडा नाही, मागे शिपाई. आणि तरी पळाले ना तात्याराव!’ परतीच्या वाटेवर त्यांनी या अटकेवरून हेगला चाललेल्या खटल्याचं सगळं विचारून घेतलं: मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने उठवलेला आवाज, आणि २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल. अटकेत अनियमितता झाली हे मान्य, पण कैदी परत द्यायला ब्रिटन बांधील नाही, असं लवादानं म्हटलं होतं. अतिशयोक्तीची गरजच काय, इतकं हे सगळं मोठं आहे. त्या पायी फिरण्यात लोकांना ते कळायचं.

२०१३ मध्ये मार्सेलिस युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. समुद्रकाठी नवं संग्रहालय उभं राहिलं, जुन्या बंदरावर आरशाचं भलंमोठं छत आलं. शहर उजळलं, याचा मला आनंदच आहे. पण क्रूझच्या बसेस त्या छताखाली माणसं उतरवतात, कुणीतरी पाण्याकडे बोट दाखवतं, सेल्फी होतात आणि बस निघते. ला जोलिएत तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे! शेजारच्या मॉलच्या गच्चीवरून अख्खा धक्का फुकट दिसतो. तेवढंही कुणी सांगत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मार्सेलिसला गेले, सावरकरांचं स्मरण केलं, तिथं भारताचा वाणिज्य दूतावासही सुरू झाला. स्मारकाची मागणी तर मी कधीपासून ऐकते आहे. पुतळा, बाग यांवरून वाद घालण्यात आणखी वर्षं जाऊ नयेत. ला जोलिएतला एक दगडी पाटी लावावी. तिच्यावर नाव, तारीख, बोटीचं नाव आणि हेगच्या निकालाची एक ओळ, फ्रेंचमध्ये आणि मराठीत. आणि धायरीच्या त्या कंपनीनं माहितीपत्रकातला फोटो बदलावा. तशी चिठ्ठी मी त्यांच्या काउंटरवर देऊन आले आहे.