डे-केअर निवडताना भीड घरी ठेवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटता वाटता एका तरुण मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. "ताई, पुढच्या महिन्यात आई पुण्याला परत जातेय. तिची सहा महिन्यांची मुदत संपली. आता बाळाला डे-केअरमध्ये ठेवावं लागणार. चांगलं कुठलं हो?" मी तोंड उघडायच्या आत आजूबाजूच्या चौघींनी चार नावं सांगितली. एक म्हणे ऑफिसच्या रस्त्यावरच आहे. दुसरीकडे भिंती काय सुंदर रंगवल्यात! तिसरीकडे आपली खूप मुलं आहेत. चौथीकडे कॅमेरे आहेत, कामावर बसून मूल बघता येतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तिथे एका बाईकडे किती बाळं असतात, हे कोणीच सांगितलं नाही. कारण बहुतेक कोणी विचारलंच नव्हतं.

त्या गडबडीत तिला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही की वकील नाही. न्यू जर्सीत दोन मुलं डे-केअरमध्ये वाढवलेली, आणि पहिल्या वेळी चुकलेली, एक आई आहे.

माझी चूक

२०१७ साली माझी मुलगी नऊ महिन्यांची होती. आम्ही दोघं वेळ ठरवून सकाळी दहाला एक केंद्र पाहायला गेलो. संचालिकाबाईंनी हसून स्वागत केलं, कॉफी दिली, चकचकीत फरशा आणि ओळीने मांडलेली खेळणी दाखवली. माझ्या पर्समध्ये प्रश्नांची यादी होती. ती मी बाहेरच काढली नाही. वाटलं, एवढ्या आपुलकीने दाखवतायत, आणि आपण उलटतपासणी काय घ्यायची? सही केली, चेक दिला, घरी आलो.

तिसऱ्या आठवड्यात एक मीटिंग रद्द झाली म्हणून मी दुपारी दीडलाच तिथे पोचले. दुसरी एक आई बाहेर पडत होती, तिने माझ्यासाठी दार धरलं. मी कोण, कुठे चालले, कोणी विचारलं नाही. तान्ह्या मुलांच्या खोलीत एक मुलगी आणि नऊ बाळं होती. मी दोनदा मोजली. माझी लेक जमिनीवर ठेवलेल्या कार सीटमध्ये झोपली होती, हनुवटी छातीला टेकलेली, पांघरूण नाकापर्यंत. "दुसरी टीचर जेवायला गेलीय, येईलच," असं उत्तर मिळालं. मी लेकीला उचललं आणि "थँक यू" म्हणून बाहेर पडले! नाव काढून घेतलं, कारण मात्र सांगितलं नाही. उगाच वाईटपणा कशाला?

दोन महिन्यांनी बागेत मंडळातलीच एक ओळखीची बाई भेटली. म्हणाली, "तुमची मुलगी तिथे जात होती ना, म्हणून आम्ही डोळे मिटून नाव घातलं." त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला फोन करून सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी राज्याच्या परवाना कार्यालयात तक्रार केली. हे मी दोन महिने आधी करायला हवं होतं. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ती भीड मुलाला महागात पडू शकते.

आधी कागद पाहा

डे-केअरचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, म्हणून आपल्या राज्याचे पाहून घ्या. न्यू जर्सीत तेरा वर्षांखालची सहा किंवा अधिक मुलं सांभाळणाऱ्या केंद्राला राज्याच्या बालक व कुटुंब विभागाचा परवाना लागतो. २०१४ साली केंद्र सरकारने बालसंगोपनाच्या अनुदानाचा कायदा सुधारला. तेव्हापासून कर्मचाऱ्यांची बोटांच्या ठशांसह पोलीस तपासणी आणि तपासणीचे अहवाल लोकांना वेबसाइटवर उपलब्ध करून देणं, या दोन्ही गोष्टी राज्यांना बंधनकारक झाल्या आहेत. म्हणजे केंद्र पाहायला जाण्याआधी घरबसल्या त्याचं प्रगतिपुस्तक वाचता येतं. एखादा कागद फाइलमध्ये सापडला नाही, असा शेरा असेल तर घाबरू नका. पण मुलांच्या मानाने माणसं कमी, मुलांकडे लक्ष नाही, झोपवण्याची पद्धत चुकीची, असे शेरे पुन्हा पुन्हा आले असतील तर भिंती कितीही सुंदर असोत, तिथे जाऊ नका.

आपल्यातल्याच एखाद्या मावशी घरी मुलं सांभाळतात, तो पर्यायही अनेकांना आवडतो. घरचं जेवण, मराठी बोलणं, प्रेम, हे सगळं खरं. पण न्यू जर्सीत पाच किंवा कमी मुलं घरी सांभाळणाऱ्यांना नोंदणी ऐच्छिक आहे. "आम्हाला लायसन्स लागत नाही" हे कायद्याने बरोबर असेल, पण त्याचा अर्थ त्या घराची कोणी तपासणी केली आहे असा होत नाही. तेव्हा नोंदणी केलेलं घर निवडा आणि स्पष्ट विचारा: घरात आणखी कोण राहतं, कोण येतं-जातं? कुत्रा, तलाव, बंदूक आहे का, आणि असेल तर बंदोबस्त काय? मुलांना गाडीतून कुठे नेता का? विमा आहे का? लहान मुलांचं प्रथमोपचार आणि श्वास देण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? मावशी आपल्या गावच्या असल्या तरी विचारा. खऱ्या मावशींना राग येणार नाही.

मग डोकी मोजा

सगळ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न मोठा आहे: एका माणसाकडे किती मुलं? न्यू जर्सीच्या केंद्रांसाठी नियम असा आहे: दीड वर्षाखालची ४ मुलं, दीड ते अडीच वर्षांची ६, अडीच ते चार वर्षांची १० आणि चार वर्षांची १२ मुलं, यांच्यामागे किमान एक मोठं माणूस हवं. यामागे साधा व्यवहार आहे. आग लागली तर एका बाईला दोन हातांनी किती रांगणारी बाळं उचलून बाहेर नेता येतील, याचा विचार करा. नऊ तर नक्कीच नाहीत.

कागदावरचा आकडा आणि खोलीतला आकडा एक असतोच असं नाही. म्हणून स्वतः मोजा. सकाळी दहाला सगळीकडे सगळं ठीक असतं. माणसं कमी पडतात ती उघडण्याच्या वेळी, दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. पहिल्या भेटीची वेळ ठरवून घ्यावी लागली तरी दुसरी भेट यातल्या एखाद्या वेळेची मागा. मूल तिथे असताना पालकांना न कळवता केव्हाही येता आलं पाहिजे, असा न्यू जर्सीत नियमच आहे. पालकांना दारात थांबवून ठेवणारं केंद्र नको.

आणखी एक विचारा: या खोलीतल्या टीचर इथे किती वर्षं आहेत? दर दोन महिन्यांनी नवा चेहरा दिसत असेल तर बाळ कोणाला ओळखणार, आणि बाळाला कोण ओळखणार?

झोप: इथे आजीशी थोडं भांडा

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली सांगितलं की तान्ह्या बाळाला झोपवताना पालथं न घालता पाठीवर किंवा कुशीवर ठेवावं. १९९४ पासून देशभर त्याचा प्रचार झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पहिलं वर्षभर बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, आणि पाळण्यात बाळाशिवाय दुसरं काही नाही, हा नियम. उशी नाही, पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. कार सीट गाडीसाठी आहे. त्यात झोपलेल्या बाळाची मान पुढे पडून श्वास अडू शकतो.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, आजीने जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यातला काळा दोरा, मनगटातले काळे मणी, हे सगळं मायेपोटी असतं. पण उशी आणि गोधडीने बाळ गुदमरू शकतं, दोरा फास होऊ शकतो, सुटलेला मणी घशात अडकू शकतो. चांगलं केंद्र हे काढून ठेवायला सांगेल. तेव्हा "आमच्या संस्कृतीचा मान राखत नाहीत" असं म्हणू नका. आमच्या आईची गोधडी आम्ही घरी ठेवली. संध्याकाळी लेक मांडीवर जागी असली की तिच्याभोवती गुंडाळायचो. आईचंही समाधान झालं.

आपल्या मुलांच्या काही खास गोष्टी

पहिली गोष्ट, भाषा. आमच्या धाकट्याने पहिल्या आठवड्यात "शू, शू" म्हटलं की टीचर प्रेमाने त्याचे बूट आणून द्यायची! चार दिवस ओल्या चड्ड्या घरी आल्यावर आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मग शू, शी, पाणी, मम्म, दूदू, बाऊ, नको असे वीसेक शब्द अर्थासकट इंग्रजी अक्षरांत लिहून खोलीत लावायला दिले. मुलाला "बाऊ झाला" हे सांगता येणं आणि ते समोरच्याला कळणं, हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट, शेंगदाणे. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, लाडवात कूट असतं. अनेक केंद्रांत दाण्यांना बंदी असते, कारण दुसऱ्या मुलाला त्याची जीवघेणी ॲलर्जी असू शकते. डबा भरताना हे विसरू नका. आपलं मूल शाकाहारी असेल किंवा त्याला कशाची ॲलर्जी असेल तर ते तोंडी न सांगता लिहून द्या.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्या बऱ्याच बाळांच्या पाठीवर आणि कमरेखाली जन्मापासून निळसर डाग असतात. ते निरुपद्रवी असतात आणि बहुधा काही वर्षांत फिके होतात. पण ज्यांनी ते पाहिलेले नसतात त्यांना तो मार वाटू शकतो, आणि असा संशय आला तर कळवणं त्यांना कायद्याने भाग असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून त्या डागांची नोंद लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी केंद्राला द्या.

चौथी गोष्ट, आजोबा. माझे सासरे नातवाला आणायला गेले तर त्यांना ओळखपत्र मागितलं. "माझ्या नातवाला न्यायला मला पासपोर्ट?" म्हणून ते दिवसभर घुश्शात होते. खरं तर त्या दिवशी मला त्या केंद्राचा सर्वांत जास्त भरवसा वाटला. मूल कोणी न्यायचं याची यादी लेखी द्या, आणि आजी-आजोबा येणार असतील तर त्यांची नावं त्यात आधीच घाला.

पैशाचं गणित

तान्ह्या मुलांच्या जागा थोड्या आणि महाग असतात, कारण माणसं जास्त लागतात. डोहाळजेवणाच्या आधीच नाव नोंदवलंत तरी ती घाई ठरणार नाही. करारात नीट वाचा: आपण चार आठवडे भारतात गेलो तर फी भरावी लागते का? बहुतेक ठिकाणी लागते. उशिरा पोचल्यास दंड किती? सोडताना किती दिवस आधी कळवायचं?

नोकरीच्या ठिकाणी डिपेंडंट केअर एफएसए असेल तर त्यात करपूर्व पैसे ठेवता येतात. त्याची मर्यादा अनेक वर्षं ५,००० डॉलर होती. २०२५ च्या कायद्याने ती २०२६ पासून कुटुंबामागे ७,५०० झाली. त्याशिवाय करात मिळणाऱ्या सवलतीसाठी एका मुलाचा ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांचा ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, पण एफएसएमधून घेतलेली रक्कम त्यातून वजा होते. पूर्ण ७,५०० वापरलेत तर सवलतीसाठी काही उरत नाही. आपल्याला कशात फायदा, हे हिशेब करूनच ठरवा. दोन्हींसाठी सांभाळणाऱ्याचा करक्रमांक फॉर्म २४४१ वर द्यावा लागतो. रोख पैसे, पावती नाही, क्रमांक नाही, असा व्यवहार स्वस्त वाटतो, पण सवलत बुडते.

नाव घातल्यानंतर

पहिले दोन-तीन आठवडे मूल रडणारच, आणि पहिल्या हिवाळ्यात सर्दी-तापही होणार. त्याने खचून जाऊ नका. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: अंगावर न सांगितलेली जखम, तिच्याबद्दल दोघींनी दिलेली दोन उत्तरं, एखाद्या ठरावीक व्यक्तीला पाहून मुलाचं आक्रसणं. अशा वेळी आधी मुलाला घरी आणा आणि मग कारण शोधा. आणि केंद्राला सांगून ठेवा, "मूल नेहमीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात आलं नाही तर आम्हा दोघांनाही फोन करा." घाईच्या सकाळी मागे झोपलेलं मूल गाडीतच विसरून कामाला गेल्याच्या दुर्दैवी घटना चांगल्या, प्रेमळ आईबापांच्या हातून घडल्या आहेत. एका फोनने ते टळू शकतं.

तेव्हा मंडळी, हे पान कापून पर्समध्ये ठेवा, आणि माझ्यासारखं तिथेच राहू देऊ नका. प्रश्न विचारल्यावर ज्यांचा चेहरा बदलतो, तिथून नमस्कार करून निघा. आणि एखाद्या ठिकाणी काही चुकीचं दिसलं तर नुसतं आपलं मूल काढून घेऊन गप्प बसू नका. त्या खोलीत मागे आणखी आठ बाळं असतात.