चिंचोक्याची खळ आणि तेलाची विहीर

बीड जिल्ह्यात विंधण विहीर खणू लागले, की धुळीचे लोट उठतात. यंत्र दाबाखालील हवा छिद्रात सोडते आणि तिच्याबरोबर दगडाचा भुगा वर येतो. येथील काळा बेसाल्ट खडक टणक असल्याने खालची भिंत बहुधा आपोआप उभी राहते.

तेलाच्या विहिरीचे तसे नसते. खनिज तेल मुख्यतः गाळाच्या खडकांत सापडते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राखालील ‘बॉम्बे हाय’चे तेल १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधनमंचावरून सापडले, ते चुनखडीच्या खडकात. अशा विहिरी खणताना वाटेत मऊ शेल खडक लागतात. त्यांतले काही पाणी शोषून फुगतात व ढासळतात. खाली तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. ते उसळून वर आले तर आग लागून माणसांचे प्राण जातात. म्हणून छिद्र सतत एका जड, दाट द्रवाने भरलेले ठेवतात. हाच वेधनद्रव. पाणी, बेंटोनाइट माती आणि वजनासाठी बराइटची पूड हे त्याचे नेहमीचे घटक.

वनस्पतींचे काम येथे सुरू होते. द्रवातील पाणी खडकात झिरपू नये आणि खडकाचा चुरा तळाशी बसू नये, यासाठी त्यात स्टार्च, गवारीच्या बियांचा डिंक किंवा कापसा-लाकडातील सेल्युलोजपासून बनवलेले पदार्थ मिसळतात. या सर्वांचे रेणू म्हणजे शर्करेच्या लांबच लांब साखळ्या. त्या पाण्याला धरून ठेवतात, एकमेकींत गुंततात आणि मातीच्या कणांबरोबर छिद्राच्या भिंतीवर पातळ लेप तयार करतात. खडकाला मोठ्या भेगा असतील, तर सरकीच्या टरफलांसारखा भरड मालही त्या बुजवण्यास वापरतात.

चिंचोक्यातही अशाच साखळ्या आहेत. चिंचोक्याची खळ घोंगडीला देतात हे आपणांस ठाऊक आहेच. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समधील संशोधकांनी बेंटोनाइटच्या द्रवात चिंचोक्याचा डिंक मिसळून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. या डिंकाने द्रवाचा दाटपणा सुधारतो आणि पाण्याचे झिरपणे कमी होते, असे त्यात आढळले.

मात्र या पदार्थांना मर्यादा आहेत. खोल गेल्यावर उष्णता वाढते व साखळ्या तुटतात. शिळी खळ आंबते, तसे जंतूही त्यांना खातात. म्हणून द्रवात जंतुनाशक घालावे लागते. पण हाच दोष एका अर्थी गुणही आहे. जे कुजते, ते निसर्गात फार काळ साचून राहत नाही.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. एका पेल्यात साधे पाणी व दुसऱ्यात चिंचोक्याच्या पिठाची शिजवून थंड केलेली पातळ खळ घ्या. दोन्हींत चिमूटभर वाळू टाका. ती तळाशी पोहोचायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. मग खळ अधिक दाट करून पुन्हा मोजा. दोन वेळांतील फरक म्हणजेच त्या साखळ्यांचे काम.