मनाच्या आजारालाही विम्याचे छत्र

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने वर्धा जिल्ह्याला आरोग्यविम्याचा धडा फार पूर्वीच दिला आहे. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने तेथे उभ्या राहिलेल्या योजनेत शेतकरी सुगीच्या दिवसांत ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करीत आणि आजारपणात रुग्णालयाचा आधार मिळवीत. एकावर आलेला प्रसंग साऱ्या गावाने वाटून घ्यावा, हेच विम्याचे मर्म. मग शरीराच्या दुखण्याला मिळणारा हा आधार मनाच्या दुखण्याला का नसावा?

ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी-आत्महत्यांच्या संदर्भात वारंवार घ्यावे लागते, तेथे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. शेतात उभे पीक गेले की बाजारपेठेतील उधारीही बुडते. चिंतेचे ओझे शेतकऱ्याइतकेच व्यापारी कुटुंबालाही वाहावे लागते.

कायद्याने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील कलम २१ प्रमाणे शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांनाही विमा देणे प्रत्येक कंपनीवर बंधनकारक आहे. एका पॉलिसीत मानसिक आजार वगळलेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते या कायद्याच्या विरुद्ध ठरविले.

तथापि, छत्र मिळाले तरी त्याला काही छिद्रे आहेत. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात. मानसिक आजारात मात्र बहुतेकांना दाखल व्हावे लागत नाही. महिनोन्महिने तपासणी, औषधे आणि समुपदेशन घ्यावे लागते. म्हणून बाह्यरुग्ण उपचारांची सोय असलेली पॉलिसी आहे का, हे आधी विचारावे. व्यसनमुक्तीचा खर्च सहसा वगळलेला असतो. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र आपल्याच घरात दडलेला असतो. मुलामुलीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, या भयाने आजार लपविला जातो आणि विम्याच्या अर्जातही त्याची नोंद होत नाही. पुढे ऐन गरजेच्या वेळी त्याच कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो. मधुमेह जितक्या सहजपणे लिहितो, तितक्याच सहजपणे नैराश्यही लिहावे.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही. आणि विमा असो वा नसो, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागही आहेत.

सुज्ञ वाचकहो, या आठवड्यात घरातील विम्याची कागदपत्रे काढा आणि मानसिक आजाराविषयीचा मजकूर सर्वांनी मिळून वाचा. तेवढ्या निमित्ताने घरात मनाच्या आरोग्याविषयी मोकळे बोलणे सुरू झाले, तरी पुष्कळ साधले.